आंबट वजा जाता

आंबोलीचा घाट एसटीने उतरत असताना माझ्या मांडीवर थर्माकोलची एक पेटी होती. पेटीत तळहाताएवढी चपटी बाटली होती. ती गुलाबी-लाल द्रवाने गळ्यापर्यंत भरलेली होती आणि तिच्या झाकणाभोवती चिकटपट्टीचे चार वेढे घातलेले होते. मी पेटी किंचित उघडून पाहत असताना शेजारच्या बाईंनी आत डोकावून घेतले आणि पुण्याहून कोकणात कोकम सरबत नेणारी मुलगी आपण पहिल्यांदाच पाहिली, असे मागच्या बाकावरच्या नवऱ्याला सांगितले. मी हसले, कारण त्या द्रवाचा रंग खरोखरच पातळ सरबतासारखा होता. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या त्या बाटलीच्या तळाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या जिवंत पेशी चिकटलेल्या होत्या. हे सांगितले असते तर बाईंनी जागा बदलली असती, आणि या पेशींची कोणाला लागण होत नाही हे पटवून द्यायला घाटातली वळणे पुरली नसती.

या पेशींना एचटी-२९ म्हणतात. १९६४ साली यॉर्गेन फोग यांनी ४४ वर्षांच्या एका स्त्रीच्या आतड्यातील गाठीपासून त्या वाढवल्या आणि तेव्हापासून त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतच आहेत. त्या स्त्रीबद्दल आम्हाला वय आणि वंश याखेरीज काही सांगितले जात नाही. ती आज असती तर शंभरी ओलांडून गेली असती. तिच्या पेशी मात्र साधारण दिवसभरात दुप्पट होतात, आणि त्यांतल्या काही त्या दिवशी एसटीच्या खडखडाटात सावंतवाडीकडे निघाल्या होत्या. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग जगात निदानाच्या संख्येने तिसरा आणि मृत्यूंच्या संख्येने दुसरा आहे. हे वाक्य मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर अनेकदा लिहिले आणि खोडले, कारण आकड्यांनी सुरू होणारे प्रबंध वाचायचा मला स्वतःलाच कंटाळा येतो.

आमची प्रयोगशाळा कोकणातल्याच एका महाविद्यालयात आहे. पेशी वाढवण्याला कोकणाइतकी प्रतिकूल हवा दुसरीकडे क्वचितच असेल. पेशींना ३७ अंश सेल्सिअस तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर ओलावा लागतो. नेमका तोच ऊबदार ओलावा बुरशीलाही आवडतो. जुलै महिन्यात चामड्याच्या चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि देवघरातल्या पोथीवर जे पांढरे-हिरवे लव उगवते, ते आमच्या बाटल्यांतही उगवण्याची वाट पाहत असते. पहिल्या पावसाळ्यात माझ्या पेशी दोनदा बुरशीने खाल्ल्या आणि एकदा वीज रात्रभर गेल्याने मेल्या. ही तक्रार नाही. बाटलीत पेशी मेलेल्या दिसल्या तर पहिला संशय औषधावर घ्यायचा नसतो, हा धडा मला तिथे फुकट मिळाला. तो मला वेळेवर आठवला नाही, ही गोष्ट वेगळी.

कोकमच का, असे मला मुलाखतीत विचारले होते आणि मी कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉल या संयुगाबद्दल बोलले होते. खरे कारण काकीचे अंगण हे होते. मे महिन्याच्या मध्यावर आमच्या वाडीत रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, ढीग पडतात. फळे फोडायची, बिया आणि गर बाजूला काढायचा, साली उन्हात घालायच्या आणि मीठ घातलेल्या त्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायच्या. प्रत्येक बुडवण्याला पूट म्हणतात, आणि जितकी पुटे अधिक तितके आमसूल काळे व आंबट. बियांचे मुठेल, म्हणजे घट्ट तेल, होते, ते टाचांच्या भेगांना लावतात. काही वाया जात नाही. वाया जाते ते पावसाने गाठलेले पीक. रातांब्याचे झाड नर आहे की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही, आणि रोप लावून सात-आठ वर्षे पाणी घातल्यावर ते नर निघाले तर काकी त्याला ज्या शब्दांत बोलते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ हे वाण दिले आणि त्याची कलमे निघू लागली, तेव्हापासून हा जुगार थोडा कमी झाला आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या परसातल्या फळात जगाला हवे असलेले काही असावे, अशी इच्छा त्या वेळी माझ्या मनात होती, आणि संशोधकाच्या मनात असलेल्या इच्छेसारखी धोकादायक गोष्ट प्रयोगशाळेत दुसरी नसते.

गार्सिनॉल खोटे नाही. ते रातांब्याच्या सालीत असणारे पिवळे, स्फटिकरूप संयुग आहे. २००० साली जपानमधील संशोधकांनी ते उंदरांच्या खाद्यात मिसळले, तेव्हा रसायनाने घडवून आणलेल्या, कर्करोगाच्या आधीच्या विकृती त्यांच्या आतड्यांत कमी दिसल्या. २००४ साली बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवले की, पेशीतील डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करून जनुके वाचायला मोकळी करून देणाऱ्या पी-३०० या विकराला (एन्झाइमला) गार्सिनॉल अडवते. पुढे आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवरही त्याचा परिणाम दिसला. मी मात्र सुरुवात शुद्ध गार्सिनॉलपासून केली नाही. लोक गार्सिनॉल पीत नाहीत, आमसुलाचे पाणी पितात. तेव्हा आमसुलाचा पाण्यातला अर्क करून तोच पेशींवर घालू, असा माझा विचार होता. विचार वाईट नव्हता.

ही चाचणी ज्या पसरट प्लास्टिकच्या ताटलीत करतात, ती आप्पेपात्रासारखी असते, फक्त तिच्यात बारा गुणिले आठ असे ९६ खळगे असतात. प्रयोगशाळेत त्यांना ‘वेल’ म्हणतात, आणि पहिल्या वर्षीच्या मुलांना ही वेल कोणत्या मांडवावर चढते असे विचारण्याचा एक जुना विनोद आमच्याकडे अजून चालतो. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी सोडायच्या, त्यांना तळाशी चिकटून बसायला एक दिवस द्यायचा, मग अर्क कमी-जास्त तीव्रतेत घालायचा आणि एक, दोन किंवा तीन दिवस थांबायचे. कडेचे खळगे वापरायचे नसतात, कारण तिथले पाणी आधी आटते आणि सगळी तीव्रता बदलते. शेवटी एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, मेलेल्या करत नाहीत. ते स्फटिक विरघळवून जांभळ्या रंगाची गडदता ५७० नॅनोमीटर तरंगलांबीवर यंत्राने मोजायची. टिम मॉसमन यांनी १९८३ साली मांडलेली ही पद्धत इतकी स्वस्त आणि सोपी आहे की वनस्पतींच्या अर्कांवरचे बहुतेक दावे तिच्याच खांद्यावर उभे असतात. तिच्या खांद्यांना ते पेलतात का, हा प्रश्न कमी लोक विचारतात.

माझ्या पहिल्या ताटलीत वरच्या तीव्रतेच्या तिन्ही ओळी पांढऱ्याफटक निघाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल होऊन तळ सोडून तरंगत होत्या. मी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झाले, तेव्हा मी घरी फोन केला, आणि फोन काकीने घेतला. आमसुलाच्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी एका रात्रीत मरतात, असे मी तिला शक्य तितक्या शांतपणे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “गो, आंबट आसा ता! तेच्यात कोण जगतला?”

घरात सगळे हसले असावेत, फोनवर ऐकू आले. मीही हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पेशी ज्या द्रवात वाढतात त्याचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप (पीएच; आकडा जितका कमी तितके जास्त आंबट), ७.४ च्या जवळ ठेवलेला असतो, आणि तो घसरला तर कळावे म्हणून त्यात फिनॉल रेड हा दर्शक घातलेला असतो. आम्ल वाढले की तांबडा रंग पिवळा होतो. माझ्या खळग्यांत पिवळे काहीच दिसले नव्हते. दिसणार कसे? आमसुलातली अँथोसायनिन रंगद्रव्ये आम्लात लालच दिसतात. एसटीतल्या बाईंनी ज्या रंगाची गल्लत केली होती, तीच गल्लत मी पांढरा कोट घालून तीनदा केली होती. सकाळी जाऊन सामू मोजला. वरच्या तीव्रतेच्या खळग्यांत तो इतका खाली गेला होता की त्या द्रवात कर्करोगाची काय, कोणतीच मानवी पेशी तगली नसती. खात्रीसाठी मी साध्या हायड्रोक्लोरिक आम्लाने तेवढाच सामू करून दुसरी ताटली लावली. आम्लाने कोकमाइतकेच उत्तम काम केले. रातांब्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल मुबलक असते, म्हणून तर ती आमसूल होते. महिनाभर मी आंबटपणा मोजत होते आणि त्याला औषध समजत होते.

आमच्या मार्गदर्शक बाई रागावल्या नाहीत. “आता आंबट वजा करा आणि काय उरते ते सांगा,” एवढेच म्हणाल्या. तेव्हापासूनची दोन वर्षे मी मुख्यतः वजाबाकीच केली.

अर्काचा सामू पुन्हा ७.४ वर आणला, तेव्हा पेशींचे मरण जवळजवळ थांबले. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. एकाही पेशीशिवाय, नुसता अर्क आणि एमटीटी घातलेल्या खळग्यात जांभळा रंग उमटला. वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगे स्वतःच एमटीटीचे जांभळे करू शकतात. म्हणजे खळग्यात सगळ्या पेशी मेलेल्या असल्या तरी यंत्र त्यांना जिवंत ठरवील. आम्लामुळे मरण जास्त दिसत होते आणि या रंगामुळे कमी, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन जो आलेख निघाला असता तो दिसायला अतिशय सुबक असता. असे सुबक आलेख मी छापलेले पाहिले आहेत आणि आता ते पाहताना, पेशी नसलेला खळगा यांनी लावला होता का, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. तिसरी वजाबाकी अधिक फसवी होती. काही पॉलिफिनॉल संयुगे पेशींच्या पोषक द्रवात पडली की स्वतःच हवेतल्या ऑक्सिजनबरोबर बिघडतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मग पेशी त्या पेरॉक्साइडने मरतात आणि श्रेय संयुगाला जाते. द्रवात कॅटालेज हे पेरॉक्साइड फोडणारे विकर घालून तोच प्रयोग केला आणि पेशी वाचल्या, तर समजायचे की मारेकरी दुसराच होता. हे सगळे ताटलीत घडते. आतड्यात घडेलच असे नाही.

या वजाबाक्या करत असतानाच आबा भेटायला आले. आबा एसटीतून निवृत्त झालेले चालक; आंबोलीच्या घाटात त्यांनी अर्धे आयुष्य काढले. शौचावाटे रक्त जात होते, ती मूळव्याध आहे असे समजून त्यांनी वर्षभर आमसुलाचे पाणी घेतले. मूळव्याधीवर आमसूल हा आमच्याकडचा पिढ्यांचा उपाय, आणि मूळव्याध असती तर कदाचित त्यांना बरेही वाटले असते. वजन उतरू लागले तेव्हा मुलाने जबरदस्तीने दुर्बिणीची तपासणी करून घेतली. गाठ निघाली, यकृतापर्यंत पोचलेली. औषधांच्या दोन फेऱ्यांनंतर ते आमच्या ओसरीवर बसून मला म्हणाले, “बाय, तू कोकमावरच काय्यां करतंस मां? मग ही सलायना कित्याक?”

अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. शुद्ध गार्सिनॉलचा परिणाम पेशींवर ज्या तीव्रतेला दिसतो, ती काही मायक्रोमोलरची असते. त्याचा रेणुभार सुमारे ६०२. म्हणजे पाच मायक्रोमोलरसाठी एका लिटरला तीन मिलिग्रॅम, आणि माझ्या एका खळग्यातल्या शंभर मायक्रोलिटरमध्ये एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्श्याहून कमी. ऐकायला अगदीच थोडे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; मी ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून घालते, आणि नुसत्या डीएमएसओने पेशींना काय होते हेही शेजारच्या खळग्यात पाहावे लागते. सरबतात ते उतरत नाही. पोटात गेले तरी किती शोषले जाईल, यकृत त्याचे काय करील, दूरच्या गाठीपर्यंत किती पोचेल, याचे उत्तर माझ्या ताटलीत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचे हेच झाले: ताटलीत ते कित्येक पेशी मारते, माणसाने ग्रॅमच्या मापाने खाल्ले तरी रक्तात जेमतेम सापडते. आतड्याच्या बाबतीत एक आशा असते, कारण न शोषलेले द्रव्य आतड्यातूनच पुढे जाते आणि तिथल्या अस्तराला थेट लागते. पण आबांच्या यकृतातल्या गाठीला तिचा उपयोग नव्हता. “म्हणजे सलायनच,” आबा म्हणाले. मी हो म्हटले. सोलकढी डॉक्टरांना विचारून प्या, असेही म्हटले, कारण त्यांना चालू असलेल्या औषधाने जुलाब फार होतात.

त्या औषधाचे नाव त्यांच्या कागदावर मी वाचले, तेव्हा मला वेगळेच काहीतरी सांगावेसे वाटले. एक होते ५-फ्लुरोयुरॅसिल, १९५७ सालापासूनचे, माझ्या ताटलीतही तुलनेसाठी मी तेच घालते. दुसरे होते इरिनोटेकन. “आबा, नरक्या माहीत आहे तुम्हाला?” मी विचारले.

आबांना नरक्या माहीत नसेल तर कोणाला असेल? घाटात उघडणारी या झाडाची फुले दुर्गंधी सोडतात म्हणून हे नाव. लॅटिनमध्येही त्याच्या एका जुन्या नावात दुर्गंधीच आहे. १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत, कॅम्प्टोथेका या चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे संयुग वेगळे केले. वाणी मूळचे नंदुरबारचे. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच संयुग आपल्या नरक्यात मिळाले. पण औषध लगेच झाले नाही. विरघळत नाही म्हणून त्याचा क्षार करून रुग्णांना दिला, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या बंद पडल्या. ते नेमके करते काय, हे १९८५ साली कळले. काथ्याचा दोर दोन्ही टोकांनी धरून मधूनच उलगडू लागलो की पुढे पीळ साचतो आणि दोर गाठ मारून बसतो; डीएनएची नक्कल होताना तसाच पीळ साचतो, आणि तो सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज हे विकर एक पदर कापते, पीळ जाऊ देते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्याला कापल्यानंतर जोडू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा त्या उघड्या जखमेवर येऊन आदळते आणि धागा सबंध तुटतो. सतत दुप्पट होणाऱ्या पेशीला हे सर्वांत जड जाते. जपानमध्ये याकुल्ट या, आंबट दुधाच्या लहान बाटल्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने त्याच रेणूचे पाण्यात विरघळणारे रूप, म्हणजेच इरिनोटेकन, तयार केले, आणि १९९६ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. वेगळे केल्यापासून तीस वर्षे.

आबांनी हे सगळे एसटीच्या वेळापत्रकासारखे लक्ष देऊन ऐकले. मग त्यांनी रात्रीच्या फेरीला घाटात उभे असलेले ट्रक आठवले, ताडपत्रीखालचे ओंडके आठवले, आणि त्या काळात ‘सरपण’ म्हणून जे जात होते ते काय होते हे आता आपल्याला कळले, असे सांगितले. सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड इतकी झाली की आता ते झाड शोधावे लागते. रातांब्याला आम्ही मानांकन दिले आणि त्याच्यावर सरबताची बाटली काढली. ज्याने खरोखर आबांच्या सलाइनमध्ये जागा मिळवली त्याला नाव दिले ते नरकावरून, आणि टनाने विकून टाकले.

माझ्या वजाबाकीनंतर काही उरले का, असे विचारणारे बरेच आहेत. उरले. शुद्ध गार्सिनॉल, सामू सांभाळून, कॅटालेज घालून, पेशी नसलेले खळगे वजा करून, एमटीटीखेरीज नुसत्या पेशी मोजूनही, एचटी-२९ ची वाढ रोखते. निरोगी पेशींनाही ते काही प्रमाणात त्रास देते, आणि त्या दोन तीव्रतांमधले अंतर मला हवे होते तेवढे रुंद नाही. पेशी मरतात की फक्त वाढायच्या थांबतात, हे एमटीटीला सांगता येत नाही. ते शोधण्याच्या चाचण्या चालू आहेत. पहिल्या महिन्यातल्या पांढऱ्याफटक ओळींपुढे हा आलेख अगदीच सपाट आहे. तो मी भिंतीवर लावला आहे. पांढऱ्या ओळींचा फोटो मोबाइलमधून काढून टाकला.

आबांच्या आठव्या फेरीनंतरच्या तपासणीत यकृतातल्या गाठी थोड्या लहान झालेल्या दिसल्या. या वर्षी त्यांनी मुलाबरोबर रातांब्यांची एक पाटी माझ्यासाठी पाठवली, वर केळीचे पान झाकून. मी प्रयोगशाळेच्या टेबलावर पहिले फळ कापले, रसाचा एक थेंब काढून सामू मोजला आणि तारखेपुढे लिहिले: दोनच्या जवळ. मग हात धुऊन बाकीची पाटी काकीकडे नेऊन दिली.